स्वस्तातलं एचडीएमआय कॅप्चर कार्ड: कन्सोल लॅपटॉपला जोडायला कितपत कामाचं?

लॅपटॉपच्या बाजूला एचडीएमआय पोर्ट दिसतं, म्हणून बरेच जण प्लेस्टेशनची केबल थेट त्यातच लावतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. ते पोर्ट चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. चित्र आत घेणारं पोर्ट जवळजवळ कुठल्याच लॅपटॉपला नसतं, त्यामुळे केबल बदलून किंवा ड्रायव्हर टाकून काही होणार नाही. मध्ये कॅप्चर कार्ड, म्हणजे कन्सोलचं चित्र यूएसबीतून लॅपटॉपला देणारं उपकरण, लागतंच. त्यातलं सगळ्यात स्वस्त म्हणजे बोटभर लांबीचं, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेलं. ते सहसा हजार रुपयांच्या आत मिळतं. हे परीक्षण त्याचंच.

या कार्डांवर नावं वेगवेगळी असली तरी आत बहुतेक वेळा मॅक्रोसिलिकॉनची एमएस २१०९ ही चिप असते. खोक्यावर ‘४के’ आणि ‘यूएसबी ३.०’ छापलेलं असतं, यूएसबीची पिनही निळी असते. त्या निळ्या रंगावर जाऊ नका. ही चिप यूएसबी २.० चीच आहे. ४के सिग्नल ती आत घेते, पण लॅपटॉपला देते जास्तीत जास्त १०८०पी, तेही सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं. ६० फ्रेम हव्या असतील तर ७२०पीवर यावं लागतं.

असं का, ते साध्या हिशोबात कळतं. १९२० × १०८० पिक्सेल, प्रत्येकाला २ बाइट आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे ९९५ मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट. म्हणून कार्ड प्रत्येक फ्रेम एमजेपेग या प्रकारात दाबून, म्हणजे डेटा कमी करून, पाठवतं. हेच जर वायूवाय२ या न दाबलेल्या प्रकारात मागितलं, तर १०८०पीला सेकंदाला जेमतेम ५ फ्रेम मिळतात. ‘कार्ड अडखळतं, चित्र स्लाइड शोसारखं दिसतं’ ही तक्रार निघाली की पहिल्यांदा हेच तपासायचं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घेऊन त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिझोल्यूशन/एफपीएस टाइप’ कस्टम करा, १९२० × १०८० आणि ३० निवडा आणि ‘व्हिडिओ फॉरमॅट’ मुद्दाम एमजेपेग ठेवा. तो आपोआपवर सोडलात तर भलताच निवडला जाऊ शकतो. त्याच खिडकीत ‘बफरिंग’ बंद केलं की उशीरही थोडा कमी होतो.

आता काळ्या पडद्याबद्दल. दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो, एचडीसीपीचा असतो. कॉपी रोखण्यासाठी कन्सोल सिग्नलला कुलूप लावतो आणि हे कार्ड ते उघडत नाही. पीएस५ वर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय असं जाऊन ‘एनेबल एचडीसीपी’ बंद करा. पीएस४ वर हाच पर्याय सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये आहे. हे काम कन्सोल टीव्हीला जोडलेला असतानाच करा, कारण कार्डावर आल्यावर मेनूसुद्धा काळाच दिसतो. एचडीसीपी बंद असताना सिनेमे दाखवणारी अ‍ॅप चालत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. एक्सबॉक्स आणि स्विच गेमच्या वेळी हे कुलूप लावत नाहीत, त्यामुळे तिथे काही बदलावं लागत नाही. पीएस३ वर मात्र ते बंद करण्याची सोयच नाही, म्हणून त्यासाठी हे कार्ड घेऊ नका.

एचडीसीपी बंद करूनही काळंच दिसत असेल तर कन्सोल झेपणार नाही असा सिग्नल पाठवत असतो. रिझोल्यूशन १०८०पी करा, एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) आणि १२० हर्ट्झ बंद करा. टीव्ही हाताशी नसेल तर पीएस४ पूर्ण बंद करून पॉवरचं बटण ७ सेकंद दाबून धरा. दुसरी बीप ऐकू आली की सेफ मोड उघडतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून ‘चेंज रिझोल्यूशन’ घ्या. स्विचच्या बाबतीत आधी डॉकचा (टीव्हीला जोडायच्या स्टँडचा) वीजपुरवठा बघा: मूळ अडॅप्टर १५ व्होल्ट, २.६ अँपिअरचा आहे, फोनच्या साध्या चार्जरवर डॉक चित्र देत नाही. स्विच लाइटला तर चित्र बाहेर काढायची सोयच नाही.

काही वेळा कार्ड यादीत दिसतं, पण उघडत नाही. विंडोज त्याला वेबकॅम समजतं, म्हणून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधल्या ‘कॅमेरा’ पानावर डेस्कटॉप अ‍ॅपना परवानगी हवी. शिवाय सहसा एका वेळी एकच प्रोग्रॅम ते वापरू शकतो. मागे कॅमेरा अ‍ॅप उघडं राहिलं असेल तर ओबीएसला काहीच मिळत नाही. हबवर वेबकॅमच्या शेजारी लावलं तरी चित्र तुटतं, कारण रस्ता तोच आणि वाटेकरी दोन. थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा.

आवाजात या चिपची खरी खोट आहे. अनेक नगांमध्ये चिप स्वतःला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणवते, प्रत्यक्षात डावा आणि उजवा नमुना एकाआड एक पाठवत असते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ. ऐकताना दोन्ही कानांत एकच आवाज येतो. दुरुस्ती होते: ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ९६००० वर मोनो रेकॉर्ड करा, डिदर (रूपांतराच्या वेळी मिसळला जाणारा बारीक गोंगाट) बंद ठेवून १६ बिट रॉ, म्हणजे कच्चा डेटा, म्हणून बाहेर काढा आणि तीच फाइल ‘इंपोर्ट रॉ डेटा’ने ४८०००, २ चॅनेल अशी आत घ्या. डावं-उजवं उलटलं तर सुरुवातीचे २ बाइट सोडून द्या. पण स्वस्त कार्डासाठी दर वेळी एवढी उस्तवार करायची, हे मला पटत नाही. आवाजाला महत्त्व असेल तर थोडे जास्त पैसे घाला.

ओबीएसमध्ये आवाज रेकॉर्ड होतो पण ऐकू येत नाही, हा मात्र बिघाड नाही. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मॉनिटर अँड आउटपुट’ निवडलं की काम होतं.

बांधणीबद्दल थोडं. कार्ड रुंद असल्याने शेजारचं पोर्ट झाकलं जातं, आणि जाड एचडीएमआय केबल त्याला लोंबकळत राहिली की सगळा भार यूएसबी पोर्टच्या पिनांवर येतो. वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि कार्ड टेबलावर टेकू द्या. वापरताना ते चांगलंच तापतं, म्हणून प्लास्टिकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचं आवरण बरं.

लॅपटॉपच्या पडद्यावर बघून खेळायचं असेल तर बुद्धिबळ, पत्ते, शेतीचे गेम चालतील. फुटबॉल, मारामारी, शर्यत यांत बटण दाबणं आणि पडद्यावरची हालचाल यांच्यातलं अंतर हाताला जाणवतं, आणि कुठल्याही सेटिंगने ते पूर्ण जात नाही. अशा खेळांसाठी ‘लूप आउट’ पोर्ट, म्हणजे तेच चित्र टीव्हीलाही देणारं पोर्ट, असलेलं कार्ड घ्या: खेळ टीव्हीवर, रेकॉर्डिंग लॅपटॉपवर. आणि १०८०पीला ६० फ्रेम हव्या असतील तर एमएस २१३० चिपचं कार्ड शोधा, ते खरोखर यूएसबी ३.० चं आहे.

हातात आलेला नग कुठला, हे परत करायची मुदत संपायच्या आत बघून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ५३४डी आणि पीआयडी (उत्पादनाचा क्रमांक) २१०९ दिसलं, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, ते यूएसबी २.० चंच कार्ड आहे. ३.० चे पैसे घेतले असतील तर सरळ परत करा.