रेड रॉक कॅन्यन: सावली धरून आखलेली पहिली वाळवंटी चढाई

लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यापासून पश्चिमेला साधारण २७ किलोमीटरवर, मोहावी वाळवंटात, रेड रॉक कॅन्यन हे राखीव क्षेत्र आहे. अमेरिकी केंद्र सरकारचा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हा विभाग त्याची देखभाल करतो. गेल्या नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि पुण्याहून आलेला माझा आतेभाऊ तिथे पाच दिवस चढाईसाठी राहिलो. दादा तेलबैला, लिंगाणा, ड्यूक्स नोज अशा सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणावर वाढलेला, तर मी कॅलिफोर्नियात आल्यावर ग्रॅनाइटवर दोर बांधायला शिकलेली. वाळवंटातल्या वालुकाश्मावर मात्र दोघांनीही यापूर्वी हात ठेवलेला नव्हता. आम्हाला अमेरिकी श्रेणीप्रमाणे ५.६ ते ५.८ दरम्यानचे (आकडा वाढेल तशी चढाई अवघड), चार-सहा पिचचे, म्हणजे दोराच्या लांबीएवढ्या चार-सहा टप्प्यांचे, आणि शक्यतो दिवसभर सावलीत राहणारे मार्ग हवे होते. अशाच अपेक्षेने पहिल्यांदा वाळवंटाकडे निघणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे. या कामासाठी याहून सोयीची जागा मी तरी पाहिलेली नाही.

सोयीची म्हणण्याचे कारण या भागाच्या घडणीत आहे. आइस बॉक्स, पाइन क्रीक, जुनिपर, ओक क्रीक, फर्स्ट क्रीक, ब्लॅक व्हेल्वेट अशा दऱ्या इथे एकापाठोपाठ एक डोंगरात शिरतात आणि त्यांपैकी बहुतेकींची तोंडे पूर्वेकडे उघडतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक दरीला दक्षिणेकडे पाहणारी उन्हाची आणि उत्तरेकडे पाहणारी सावलीची, अशा दोन बाजू मिळतात. नोव्हेंबरच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंशांवर असतो. रेड रॉकला त्याच दिवशी तो जेमतेम ३५ अंशांपर्यंत चढतो. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या भिंतीवर ऊन पडतच नाही. म्हणून इथे मार्ग निवडताना आधी भिंतीचे तोंड, मग महिना, मग घड्याळ आणि सर्वांत शेवटी श्रेणी पाहावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ५.६ चा मार्ग भर उन्हात, घशाला कोरड पडलेली असताना, सावलीतल्या ५.८ पेक्षा कितीतरी जड जातो. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळची सावली धरून तिथे चढायचे, हे दादाला पाठ होते, त्यामुळे नकाशा समोर येताच तो म्हणाला, "अगं, इथे तर सावलीसाठी पहाटे उठायचीही गरज नाही, फक्त दरीची बरोबर बाजू धरायची."

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पाइन क्रीक दरीत. दरीच्या मधोमध मेस्कलीटो नावाचा पिरॅमिडसारखा सुळका उभा आहे आणि त्याच्यामुळे दरीचे दोन फाटे होतात. त्याच्या दक्षिण अंगावर ‘कॅट इन द हॅट’ हा ५.६ चा प्रसिद्ध मार्ग आहे आणि उत्तर अंगावर ‘डार्क शॅडोज’ हा ५.८ चा. एकाच सुळक्याच्या या दोन बाजूंचे हवामान इतके निराळे, की आम्ही थंड आणि वाऱ्याचा दिवस पहिल्यासाठी ठेवला आणि स्वच्छ उन्हाचा दुसऱ्यासाठी.

आता तिथल्या व्यवस्थेविषयी. मुख्य दऱ्यांकडे नेणारा रस्ता सुमारे २१ किलोमीटरचा आणि एकेरी आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ दरम्यान आत शिरायचे तर आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते. आम्ही गेलो तेव्हा त्याचे २ डॉलर आणि मोटारीमागे प्रवेशाचे २० डॉलर घेत होते. वार्षिक पास असला तर प्रवेशाचे पैसे वाचतात, पण आरक्षण चुकत नाही. चढाई करणाऱ्यांसाठी मेख अशी की फाटक सकाळी ६ वाजता उघडते आणि ८ च्या आत शिरणाऱ्याला आरक्षण लागत नाही. ज्या ज्या दिवशी या रस्त्याने गेलो, त्या प्रत्येक दिवशी आम्ही साडेसहाच्या आत फाटकाशी होतो आणि एकदाही अडचण आली नाही. पाइन क्रीकचा वाहनतळ रस्त्याच्या उत्तरार्धात येतो. तो नजरेआड होऊन पुढे गेलात, तर एकेरी रस्त्यामुळे मागे वळता येत नाही आणि संपूर्ण फेरी पुन्हा मारावी लागते.

खरी काळजी परतीची घ्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा रस्ता संध्याकाळी ५ वाजता बंद होतो आणि नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे पायपीट, चढाई, रॅपलिंग (दोरावरून उतरणे) आणि पुन्हा पायपीट हे सगळे दहा तासांत बसवायचे. ठराविक लांब मार्गांसाठी ‘लेट एक्झिट’, म्हणजे उशिरा बाहेर पडण्याचा, परवाना आधी अर्ज करून मिळतो. ज्या दिवशी गरज पडेल असे वाटत नाही, त्याही दिवशी तो काढून ठेवावा, कारण दोर अडकायला एक भेग पुरते. आम्ही दोन दिवसांसाठी परवाने घेतले आणि त्यांपैकी एक खरोखर उपयोगी पडला. परवाना नसताना गाडी आत राहिली तर दंडाची चिठ्ठी मिळते; पण त्याहून वाईट म्हणजे त्या धास्तीने माणूस रॅपलिंगची घाई करतो.

मुक्कामासाठी आम्ही क्षेत्राच्या सरकारी तळावर जागा घेतली होती. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि साधी स्वच्छतागृहे आहेत, अंघोळीची सोय नाही, आणि उन्हाळ्यात तळ बंद असतो. जागा चांगली आहे, मात्र उघड्यावर असल्याने वारा फार लागतो. दुसऱ्या रात्री तंबूच्या खुंट्यांवर आम्हाला गोटे रचावे लागले. तंबूचे दोर लांब आणि भक्कम ठेवावेत, तसेच जागा महिनाभर तरी आधी राखावी, कारण हिवाळ्यातले शनिवार-रविवार लवकर भरतात.

पहिला दिवस वाटाड्याबरोबर काढावा असे आम्ही ठरवले होते आणि त्यात आमची एक फसगत झाली. ज्या संस्थेशी आधी बोलणे झाले, तिने आमच्या प्रत्येक प्रश्नाला ‘सोपा, सावलीचा, नवशिक्यांसाठी योग्य’ एवढेच उत्तर दिले आणि आगाऊ रक्कम घेतली. निघायच्या दोन दिवस आधी पाठवलेल्या मार्गाचे नाव नकाशावर शोधले, तेव्हा भिंत सरळ दक्षिणमुखी निघाली. त्याबद्दल विचारले, तर ‘नोव्हेंबरात ऊन बरेच वाटते’ असे उत्तर मिळाले. ते एका अर्थी खरेही होते, पण आम्ही मागितले होते ते हे नव्हे. नोंदणी रद्द केल्यावर अर्धेच पैसे परत मिळाले. दुसरीकडे जिच्याशी आमचे जमले, तिने पहिल्याच पत्रात भिंतीचे नाव, तिचे तोंड, त्या आठवड्यात तिथे ऊन किती वाजता येते, पिच किती आणि उतरणे कसे, हे सगळे स्वतःहून लिहिले. इथे व्यावसायिक वाटाड्यांना सरकारी परवाना लागतो. तो आहे का, हे तर विचारावेच, पण त्याबरोबर भिंतीचे नाव पैसे देण्यापूर्वी लेखी मागावे आणि ते सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये.

या वाटाड्याने आम्हाला शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट पावसाविषयी होती. आम्ही पोहोचण्याच्या आदल्या रात्री थोडा पाऊस पडून गेला होता. सह्याद्रीत अशा वेळी कातळ वाळला, की आपण निघतो. बेसाल्ट ओला असताना निसरडा होतो, पण कमजोर होत नाही. रेड रॉकचा वालुकाश्म म्हणजे जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या. पाणी मुरले की कणांना धरून ठेवणारे बंधन सैल पडते, आणि वरून कोरडी दिसणारी पकड हातात निघून येते किंवा दोर अडकवण्यासाठी भेगेत बसवलेला कॅम (चाप दाबून बसवायचे साधन) चढणारा पडला की त्या झटक्याने कड फोडून बाहेर येतो. म्हणून पावसानंतर २४ ते ७२ तास थांबायचे, असा इथला पाळला जाणारा संकेत आहे. वाटाड्या गुडघ्यावर बसला, भिंतीच्या पायथ्याची कोरडी वाळू त्याने बोटांनी उकरली आणि चार बोटे खाली पोहोचल्यावर मूठ भरून आमच्यासमोर धरली. वरची वाळू बोटांतून सांडत होती. खालची गडद होती आणि मुठीचा आकार धरून बसली. "आज नाही," एवढे बोलून त्याने दोर पुन्हा पिशवीत भरला. तो दिवस आम्ही शहराजवळच्या चुनखडकाच्या भिंतींवर काढला, कारण चुनखडकाला हा दोष नाही. पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस असा राखूनच ठेवावा.

‘डार्क शॅडोज’ आम्ही चौथ्या दिवशी केला. पाइन क्रीकची वाट आधी उतरते, मग ओढ्याच्या काठाने आत शिरते. इतक्या कमी उंचीवर सहसा न दिसणारे पाँडेरोसा पाइन या दरीत गारव्याच्या आणि ओढ्याच्या आधाराने टिकून आहेत, आणि त्यांच्यामधून चालताना आपण वाळवंटात आहोत हे खरे वाटत नाही. तासाभरात आम्ही पायथ्याशी पोहोचलो. मार्ग पाण्यालगतच्या गुळगुळीत उतारावरून सुरू होतो आणि पहिल्या पिचला खालच्या ओढ्याचा आवाज सतत सोबत करतो. वर गेल्यावर काळ्याभोर खडकाचा एक कोन लागतो, ज्यात मधोमध भेग आणि दोन्ही अंगांना पावले टेकायला जागा आहे. हा काळा थर म्हणजे लोह आणि मँगनीजच्या संयुगांचे वाळवंटी वार्निश होय. त्याच्यामुळे मऊ वालुकाश्मावर टणक साल चढते आणि बोटांना धारदार, विश्वासार्ह कडा मिळतात. दादा त्या पिचचा लीड करून, म्हणजे दोर घेऊन आधी चढून, स्टेशनला (दोर बांधून थांबायच्या जागेला) पोहोचला आणि वरून ओरडला, "बोटं रुततात गं याच्यात!" मी सेकंड म्हणून त्याच्या मागून चढत गेले, तेव्हा त्याचा अर्थ कळला. आपल्याकडच्या बेसाल्टवर पकड शोधावी लागते, इथे ती एकापाठोपाठ एक हाताशी येत जाते.

सावलीची किंमत मात्र मला स्टेशनवर मोजावी लागली. खाली वाहनतळावर लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरत होते आणि मी तिसऱ्या स्टेशनवर बिले देताना (दादाचा दोर सांभाळताना) दात वाजत उभी होते. पायथ्याशी ऊब वाटली म्हणून जाड जाकीट मी पिशवीत खालीच ठेवले होते. बोटे बधिर झाली, की कॅमचा चाप दाबणेही अवघड होते आणि तिथे चुकायला जागा नसते. दिवसभर सावलीत राहणारा मार्ग निवडलात, तर प्रत्येकाने हार्नेसला (चढाईच्या कमरपट्ट्याला) अडकवता येईल असे उबदार जाकीट, कानटोपी आणि पातळ हातमोजे बरोबर न्यावेत. पाणी तरीही माणशी तीन लिटर हवेच, कारण हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही.

बहुतेक लोक चार पिच करून त्याच मार्गावरून रॅपलिंगने उतरतात आणि स्टेशने पक्की बसवलेली आहेत. पण दुसऱ्या उतरणीत आमचा दोर ओढताना भेगेत अडकला, तो सोडवण्यात पाऊण तास गेला, आणि वर म्हटलेला परवाना कामी आला तो याच संध्याकाळी. विजेऱ्या डोक्यावर होत्या, गाडीच्या काचेशी परवान्याची नोंद होती, म्हणून दोघांनीही घाई केली नाही. दोराच्या टोकाला गाठ, दोर ओढण्यापूर्वी गाठी सोडल्याची खात्री, आणि वारा असेल तर दोर खाली फेकण्याऐवजी कमरेला गुंडाळून नेणे, ही शिस्त इथल्या खाचाखोचांच्या खडकावर विशेष पाळावी.

‘क्रिम्सन क्रिसॅलिस’ या मार्गाची मोठी ख्याती आहे आणि पहिल्याच सहलीला अनेकांची नजर त्याच्यावर असते. जुनिपर दरीतल्या क्लाउड टॉवरवरचा हा नऊ पिचचा, सुमारे ३०० मीटरचा सावलीतला मार्ग हॉर्हे आणि जोअॅन उरिओस्टे या दांपत्याने १९७९ मध्ये प्रथम चढला. तो ५.८ च्या वरच्या टोकाचा आहे, पायपीट लांब आहे आणि उतरणे चढणाऱ्यांच्याच डोक्यावरून असल्याने गर्दीच्या दिवशी दोरांचा गुंता होतो. पहिल्या सहलीत तो करू नये असे मला वाटते. हिवाळ्यातल्या आखूड दिवसांत तर नाहीच. त्याऐवजी ब्लॅक व्हेल्वेट दरीतला ‘फ्रॉगलँड’ पाहावा. ५.८ चा, सहा पिचचा, दिवसाचा बराच भाग सावलीत असणारा. तिथे जाणारा कच्चा रस्ता १६० क्रमांकाच्या महामार्गावरून फुटतो, त्यामुळे एकेरी रस्त्याचे आरक्षण आणि पाचची वेळ या दोन्ही बंधनांतून सुटका होते. रस्ता खडबडीत आहे, म्हणून भाड्याची गाडी घेताना तळ उंच असलेली घ्यावी. आमची बसकी होती आणि शेवटचा टप्पा आम्हाला चालावा लागला. त्या उशिरामुळे आम्ही दोन पिच करून परत फिरलो.

उरलेल्या चार पिचसाठी पुढच्या मार्चमधली तारीख आम्ही धरली आहे. तेव्हा दिवस मोठा असतो, आणि दादाने पुण्याहून येताना माझ्यासाठी लोकरीची कानटोपी आणायचे कबूल केले आहे.