बायोलॉजीसाठी सलग पाच वर्षं की बीएस्सी करून एमएस्सी?

कोल्हापुरात बारावीला बायोलॉजी घेतलं की घरचे नीट परीक्षाच धरून बसतात. ज्याला डॉक्टर व्हायचं नाही, पण पेशी आणि जनुकांत खरंच रस आहे, त्याच्यापुढे दोन वाटा आहेत.

एक पुण्याच्या आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनासाठीच्या केंद्रीय संस्थेची. पाच वर्षांचा सलग बीएस-एमएस. प्रवेश आयसरच्याच आयएटी या प्रवेश परीक्षेतून: ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी या चारही विषयांचे १५-१५. म्हणजे गणित सोडलेल्यांनाही गणिताचे प्रश्न असतातच, आणि सुरुवातीच्या सत्रांतही फिजिक्स-गणित पाठ सोडत नाही. पण शेवटचं वर्ष प्रबंधाचं. स्वतःचा प्रश्न, स्वतःचे प्रयोग. फसला तर का फसला हे शोधायलाही वेळ मिळतो. पुढे पीएचडी करायचीच असेल, तर माझं मत इकडेच.

दुसरी वाट घरची. राजाराम कॉलेजसारख्या ठिकाणी बीएस्सी, मग शिवाजी विद्यापीठात एमएस्सी. खर्च बराच कमी, आणि मध्ये थांबून विचार बदलता येतो: बॉटनीतून मायक्रोबायोलॉजीकडे वळणं किंवा जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सीला आयआयटीत जाणं. ज्याला वनस्पतींचं वेड आहे त्याने तर कोल्हापूर सोडण्याआधी दहादा विचार करावा. सह्याद्री दाराशी आहे. पावसाळा ओसरताना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गुडघे टेकून बसलं, की बोटभर जागेत दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती दिसते, पानांवरच्या चिकट थेंबांसकट. विद्यापीठाच्या बॉटनी विभागाने कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती जपल्या आहेत. मात्र प्रयोगशाळेतला अनुभव इथे आपण होऊन मागावा लागतो. दुसऱ्या वर्षापासूनच सरांच्या मागे लागा.