प्रिमाव्हेरा की एमएस प्रोजेक्ट? मोठ्या कामात उतरणाऱ्या ठेकेदारासाठी

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला शेड बांधत बांधत रस्ते-पुलांच्या कामात शिरलेल्या ठेकेदाराला कामाचं वेळापत्रक आखायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, प्रिमाव्हेरा (म्हणजे पी६) की मायक्रोसॉफ्टचं प्रोजेक्ट, हा प्रश्न हमखास पडतो. एक्सेलमधला बार चार्ट तिथं पुरत नाही. एक तारीख हलली की बाकीच्या हातानं हलवत बसावं लागतं.

शिकायला प्रोजेक्ट सोपं. तोंडवळा एक्सेलसारखा, त्यामुळं साइट इंजिनिअर बिचकत नाही. एक काम सरकलं की त्यावर अवलंबून असलेली कामं आपोआप सरकतात. पी६ मध्ये एफ९ (वेळापत्रक पुन्हा मोजायची कळ) दाबेपर्यंत काही हलत नाही. मात्र २०१० च्या आवृत्तीपासून प्रोजेक्टमध्ये नवीन काम मुळातच ‘मॅन्युअल’ पडतं, म्हणजे त्याच्या तारखा आपोआप सरकत नाहीत. पहिल्याच दिवशी ते ‘ऑटो’ करून घ्या, नाहीतर एक्सेल काय वाईट होतं?

खरा फरक कळतो पुरात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक बंद पडली. अशा पुरानंतर मुदतवाढ मागताना नेमकं कुठलं काम अडलं आणि त्यानं शेवटची तारीख किती ढकलली, हे दाखवावं लागतं. पी६ मध्ये दर महिन्याला ‘डेटा डेट’ (जिथपर्यंतची प्रगती नोंदवली ती तारीख) पुढं न्यायची आणि एफ९ दाबायचं. उरलेलं काम त्या तारखेच्या मागं राहूच शकत नाही. प्रोजेक्टमध्ये राहू शकतं. जुलैतलं काँक्रीट सप्टेंबर उजाडला तरी जुलैतच दिसतं आणि काम संपायची तारीख मजेत जागेवर! उरलेलं काम पुढं ढकलायची सोय त्यातही आहे, पण ती कुणीतरी आठवणीनं वापरायला हवी. महिनाअखेरीला सगळे आरए बिलाच्या (झालेल्या कामाच्या चालू बिलाच्या) मागं. आठवण ठेवणार कोण?

अनेक साइट एकाच डेटाबेसमध्ये ठेवून सामायिक यंत्रं वाटायची असतील, तर पी६ उजवं. खर्चात प्रोजेक्ट हलकं, आणि पी६ नीट चालवणारा प्लॅनर (वेळापत्रक सांभाळणारा माणूस) पगारही तसाच मागतो.

खाजगी मालकाची एक-दोन शेडं असतील तर मी प्रोजेक्टच घ्यायला सांगेन. सरकारी पूल, दंडाची कलमं आणि मधे पावसाळा असेल तर पी६. मुख्य कंपनी एक्सईआर फाइल (पी६ ची स्वतःची फाइल) मागत असेल तर चर्चाच नको. एका प्लॅनरपुरतं पी६ एसक्यूएलाइट या छोट्या डेटाबेसवर एकाच लॅपटॉपवर चालतं, त्यामुळं सर्व्हरची घाई करू नका. दर महिन्याच्या अपडेटची प्रत मात्र वेगळी जपून ठेवा. मुदतवाढीच्या अर्जाला तीच जोडायची असते.