रोड वायरलेस गो टू: पीआरवालीच्या पिशवीतून, तीन वर्षं वापरल्यावर

मी यूट्यूबर नाहीये, पीआरमध्ये (जनसंपर्कात) आहे, पुण्यात, चौदा वर्षं झाली. या माईकचे नेटवर जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे कॅफेत बसून नाहीतर सिंहगडावर वारा खात केलेले, एक माणूस, एक कॅमेरा, मागे छान ढग. माझ्याकडे स्टेजवर पाच माणसं असतात, समोर चार कॅमेरे आणि दहा-बारा मोबाईल, आणि मागे नाश्ता लागला म्हणून खुर्च्या सरकवायचा आवाज. तर हा रिव्ह्यू त्या लोकांसाठी ज्यांना पत्रकार परिषद, लाँच, उद्घाटन असलं काहीतरी महिन्यातून दोनदा तरी करावं लागतं.

आधी का घेतला ते सांगते. एका हॉटेलात (नाव नको) क्लायंटचा लाँच होता. एलईडी वॉल, धूर सोडायचं मशीन, ढोल-ताशा, सगळं झालं होतं, बजेटचा मोठा हिस्सा त्यातच गेलेला. साऊंड हॉटेलचाच. कन्सोलमधून (सगळे माईक येतात त्या साऊंडच्या मशीनमधून) मीडियाला आवाजाची एकच वायर, त्यावर कॅमेरावाले सहा, मग कोणीतरी वायर काढली, कोणीतरी स्वतःची लावली, आणि जी फीड मिळाली तिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत घुंऽऽऽ. न्यूज पोर्टलच्या पोरांनी शेवटी मोबाईल स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड केलं. संध्याकाळी एका चॅनलच्या रिपोर्टरचा फोन आला, "मॅडम, साहेब विहिरीतून बोलतायत असं वाटतंय, बाईट नाही लावता येणार" (बाईट म्हणजे बातमीत लावायचा बोलण्याचा तुकडा). क्लायंटला कसं समजवायचं मग की बाबा तुझा कार्यक्रम हॉलमधल्या दीडशे लोकांना जबरदस्त दिसला पण बाहेर कोणाला ऐकूच आला नाही. बातमी आली, फोटो आणि दोन ओळी.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, लाईव्ह इव्हेंटचा पहिला खर्च आवाजावर करा, उरलं तर धूर सोडा. हे मी प्रत्येक क्लायंटला सांगते आणि दहातले सात ऐकत नाहीत.

तर वायरलेस गो टू. रोड ही ऑस्ट्रेलियातली कंपनी, हे मॉडेल २०२१ च्या सुरुवातीला आलं. बोलणाऱ्याला लावायचे दोन ट्रान्समीटर, त्यांचा आवाज पकडणारा एक रिसीव्हर, तिन्ही काडेपेटीपेक्षा थोडे मोठे आणि प्रत्येकी तीसेक ग्रॅम वजनाचे. ट्रान्समीटरला वरच माईक असतो, कॉलरला अडकवला की झालं. बॅटरी कंपनी सात तास म्हणते, माझी पीसी (पत्रकार परिषद) काही सात तास चालत नाही (चालते असं वाटतं फक्त), त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न माझा, की तिन्ही वेगवेगळे चार्ज करावे लागतात, बॉक्समध्ये चार्जिंगची डबी येत नाही, ती वेगळी घ्यायची, आणि मी दोनदा दोन चार्ज करून तिसरा विसरलेय. आता आदल्या रात्री तीन वायरा एका रांगेत लावून झोपते.

आवाज स्वच्छ आहे, त्यावर जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते साडीबद्दल. हे परदेशी रिव्ह्यूत कधीच येत नाही. शर्टाला कॉलर असते, साडीला नसते. बायका पाहुण्या असल्या की हा डबा लावायचा कुठे? पदराला लावला तर वजनाने पदर खाली, रेशमी असेल तर वर खसखस आवाज, आणि सगळ्यात भारी म्हणजे मंगळसूत्र. एका डॉक्टर मॅडमच्या अख्ख्या मुलाखतीत दर वाक्यामागे टिक् टिक् येत होतं, आम्ही आधी एसी बघितला, मग पंखा, मग लक्षात आलं की त्या हातवारे करून बोलतात आणि वाटी माईकवर आपटते. आता मी ३.५ एमएमचा छोटा वायरवाला कॉलर माईक जवळ ठेवते, तो ट्रान्समीटरला जोडता येतो, डबा मागे कमरेला आणि माईक पदराच्या पिनेपाशी, खांद्याजवळ. सोबत सेफ्टी पिना. पीआरवाल्यांच्या बॅगेत सेफ्टी पिन नसेल तर ती बॅग कसली.

रेंज २०० मीटर लिहिलीय. ती मोकळ्या मैदानात, मध्ये कोणी नसताना. हॉलमध्ये तेवढी धरून चालू नका, कारण हा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफाय, ब्लूटूथ सगळी गर्दी त्याच रस्त्यावर, आणि माणसाचं शरीरही सिग्नल अडवतं. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी जून २०१० मधला आयफोन फोरचा लाँच आठवावा. स्टीव्ह जॉब्ज स्टेजवर, डेमो चालेना, कारण हॉलमध्ये पाचशे सत्तर वायफाय बेस स्टेशन चालू, पत्रकारांचे हॉटस्पॉट वगैरे धरून, आणि शेवटी त्याला लोकांना विनंती करावी लागली की वायफाय बंद करा. ॲपलची ही गत, तर आपल्या मंगल कार्यालयाचं काय. मी रिसीव्हर कन्सोलपाशी मागे न ठेवता स्टेजच्या बाजूला दहा-पंधरा फुटांवर ठेवते आणि पुढची वायर लांब घेते, एवढं पुरतं.

दोनच ट्रान्समीटर आणि माणसं पाच, हे गणित कसं? एक मुख्य बोलणाऱ्याच्या कॉलरला. दुसरा रोडच्याच हातात धरायच्या दांड्याला लावायचा (इंटरव्ह्यू गो म्हणून वेगळा मिळतो) आणि तो बाकीच्यांत आणि प्रश्न विचारणाऱ्यांत फिरवायचा. दोन्हीवर पांढरी चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, 'साहेब' आणि 'प्रश्न', कारण दिसायला सेम टू सेम. आणि एक, मोड बघून घ्या. स्प्लिटमध्ये एक आवाज डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या, मर्ज्डमध्ये दोन्ही एकत्र. एकदा मी स्प्लिट तसाच ठेवला आणि काही जणांच्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती उत्तरं, प्रश्नच नाहीत. चूक शंभर टक्के माझी.

पैसे वसूल होतात ते आतल्या रेकॉर्डिंगमुळे. प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःच्या पोटात चोवीस तासांहून जास्त आवाज साठवतो, मध्ये सिग्नल गेला तरी. फक्त ते आधी कॉम्प्युटरवर रोड सेंट्रल नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालू करायचं आणि नंतर फाईल पण तिथूनच काढायची, नुसतं पेन ड्राईव्हसारखं कॉपी होत नाही. घाईत हे नको वाटतं पण एकदा हात बसला की दहा मिनिटांचं काम. मी कार्यक्रम संपला की साहेबांचं महत्त्वाचं दीड मिनिट कापून पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, प्रेस नोटसोबत. पूर्वी लोक प्रेस नोट वाचायचे, आता आधी क्लिप ऐकतात आणि मग नोटमध्ये आकडा बघतात. ज्याची क्लिप स्वच्छ त्याला जागा, इतकं सरळ झालंय.

हे रेकॉर्डिंग मी एका एआयवाल्या ॲपला पण देऊन बघितलं, आवाजाचा मजकूर करून देतात ते. मराठी बऱ्यापैकी येतं, मध्ये इंग्रजी आलं तरी सांभाळतं, पण आकड्यांना माती खातं. साहेब म्हणाले 'अडीचशे कोटी', कागदावर आलं 'अडीच शेकोटी'. गुंतवणुकीची बातमी थेट हिवाळ्यात गेली असती. म्हणून नोट अजूनही मीच लिहिते, आणि युनिकोडमध्येच पाठवते, पीडीएफमधून मराठी कॉपी केली की वेलांट्या कुठेही जाऊन बसतात आणि डेस्कवरचा माणूस आपल्याला शिव्या देतो.

आता एक धोका, जो फक्त आमच्या धंद्यातल्यांना कळेल. हा माईक इतका हलका आहे की घातलेला माणूस विसरतो. एका पीसीनंतर आमचे साहेब स्टेजवरून उतरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तो शेवटचा प्रश्न कोणी पेरला होता गं?" फीड चालूच. समोर एक कॅमेरामन हेडफोन लावून उभा, त्याने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली. भला माणूस, पुढे काही झालं नाही. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांचं असं नशीब नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये प्रचारात एका मतदार बाईंशी बोलून गाडीत बसले, कॉलरचा माईक तसाच, आणि गाडीत तिच्याबद्दल जे बोलले ते सगळ्या देशाने ऐकलं, मग तिच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. तेव्हापासून, म्हणजे माझ्या साहेबांपासून, माझा नियम आहे: आभार प्रदर्शन संपलं की टाळ्यांच्या आधी मी स्टेजवर, हात पुढे, "सर, माईक". उद्धट दिसतं, दिसू दे.

घ्यावा का? मला २२ हजारांच्या आसपास पडला. आता याच कंपनीचा वायरलेस प्रो आहे, २०२३ चा, त्यात चार्जिंगची डबी, दोन कॉलर माईक आणि ३२-बिट फ्लोट रेकॉर्डिंग येतं, म्हणजे कोणी अचानक ओरडलं तरी आवाज फाटत नाही. आमच्याकडे राजकीय पाहुणे जास्त असते तर मी तोच घेतला असता. कंपन्या, हॉस्पिटलं, शाळा एवढ्यासाठी गो टू पुरतो. पाचपैकी चार.

पण खरं सांगायचं तर नुसता माईक घेऊन उपयोग नाही, पुढे प्रेस बॉक्स लागतो. एका बाजूने आवाज आत, दुसऱ्या बाजूला आठ-दहा सॉकेट, प्रत्येक कॅमेरावाल्याला स्वतःचं. चांगल्या डब्यात प्रत्येक सॉकेट ट्रान्सफॉर्मरने वेगळं केलेलं असतं, त्यामुळे एकाच्या चार्जरचा घुंऽऽ बाकीच्यांकडे जात नाही. मी माझा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे तो) एका काकांकडून आठ सॉकेटचा बनवून घेतला, पत्र्याचा, वर काळा रंग, दिसायला अगदी गावच्या वायरमनचा स्विचबोर्ड. माईकच्या किमतीपुढे काहीच नाही. त्याला पाचपैकी पाच. परवा एका हॉलमध्ये शिरले तर तिथले साऊंडवाले दादा, नमस्कार वगैरे काही नाही, लांबूनच ओरडले, "ताई, तो काळा डबा आणलाय ना?"