टार्गेटांच्या पाठवणीसाठी सांगलीतील एक जाणती मालवाहतूक सेवा

आमच्या नेमबाजी प्रशिक्षण केंद्राची टार्गेटे सांगलीहून नागपूरला पोहोचवणारे हे वाहतूकदार खोक्याचे माप घेतल्याशिवाय दर सांगत नाहीत, आणि हीच त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. फोमची टार्गेटे हलकी असली तरी जागा फार अडवतात. व्यापलेल्या जागेच्या हिशेबाने वजन काढण्यासाठी ६० × ६० × ४५ सेंटिमीटरच्या खोक्याचे घनफळ ५००० ने भागले, तर काट्यावर ते ९ किलो भरले तरी आकारणी ३२.४ किलोंची होते. म्हणून या सेवेच्या व्यवस्थापकांनी खोक्यांची उंची कमी करायला सुचवले, आणि भाड्यात लक्षणीय फरक पडला.

दहा मीटर एअर रायफलची ८० मिलिमीटरची कार्डे दमट हवेत वाकतात, त्यामुळे ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावावा, असा त्यांचा आग्रह योग्यच आहे. पोलादी टार्गेटे मात्र ते कार्डांसोबत घेतच नाहीत. त्यांच्या कडा पुठ्ठा फाडतात, म्हणून त्यांना लाकडी पेटी लागते. बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, ‘नेमबाजीची कागदी टार्गेटे’ असे स्पष्ट लिहिले जाते. हमाली तेवढी आधी सांगितली जात नाही. ती दरपत्रकात यायला हवी.