फी काढून टाकलेले फर्मवेअर : भांडुपच्या गाळ्यातील एक अनुभव

बिटकॉइन माइनिंगच्या, म्हणजे आकडेमोड करून बिटकॉइन मिळवण्याच्या, यंत्रावर उत्पादकाच्या फर्मवेअरऐवजी (यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामऐवजी) दुसरे फर्मवेअर घालण्यात मुळात काही वावगे नाही. एका हॅशबोर्डवर, म्हणजे यंत्रातल्या आकडेमोडीच्या पाटीवर, शंभराच्या वर चिपा असतात, त्यांतली प्रत्येक सारख्या गुणाची नसते, आणि ट्यूनिंग करणारे फर्मवेअर प्रत्येक चिपेला झेपेल तेवढी फ्रिक्वेन्सी देऊन बोर्डाचे व्होल्टेज शक्य तितके खाली आणते. त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त हॅशरेट (आकडेमोडीचा वेग) मिळतो किंवा तेवढ्याच हॅशरेटसाठी वीज कमी लागते. ब्रेन्स ओएस, व्हीनिश, लक्सओएस ही या क्षेत्रातली सर्वांना माहीत असलेली नावे. त्यांचे निर्माते आपला मोबदला डेव्ह फीच्या रूपाने उघडपणे घेतात, म्हणजे यंत्र ठरलेला थोडा वेळ त्यांच्या खात्यासाठी काम करते. दोन टक्के फी म्हणजे दिवसातली सुमारे २९ मिनिटे. आमची फसवणूक झाली ती याच फीच्या आडून.

भांडुपच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतील गाळ्यात मी आणि माझे मेहुणे मिळून अँटमायनर एस १९ जे प्रो जातीची काही वापरलेली यंत्रे चालवतो. उत्पादकाच्या आकड्यांप्रमाणे अशा एका यंत्राचा हॅशरेट १०० टेराहॅश (सेकंदाला शंभर लाख कोटी हॅश, म्हणजे आकडेमोडीचे प्रयत्न) आणि विजेचा वापर सुमारे ३,०५० वॅट, म्हणजे दिवसाला ७३ युनिट. एप्रिल २०२४ च्या हाल्व्हिंगमध्ये ब्लॉकमागचे (व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्यामागचे) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले आणि विजेचे बिल डोईजड होऊ लागले. त्यात २०२२ पासून या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून विजेचा खर्च वजा करता येत नाही. अशा वेळी प्रत्येक वॅटचा हिशेब मांडावा लागतो, आणि नेमक्या याच अडचणीवर धंदा करणारी माणसे शहरात फिरत असतात.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानातून आम्हाला अशाच एका ट्यूनिंगवाल्याचा नंबर मिळाला. तो लॅपटॉप घेऊन गाळ्यात आला आणि म्हणाला, "साहेब, कंपनीवाले दोन-तीन टक्के उगाच खातात. माझ्याकडे त्याच फर्मवेअरची फी काढून टाकलेली आवृत्ती आहे. एकदाच पैसे द्या, पुढे काही नाही." बोलणे अदबीचे होते आणि कामात सफाई होती. प्रत्येक यंत्रामागे ठरलेली रक्कम त्याने यूपीआयवर घेतली. बिल मात्र दिले नाही. संध्याकाळपर्यंत प्रत्येक यंत्राच्या माहितीच्या वेबपानावर १०१ टेराहॅश आणि २,६०० वॅट असे आकडे झळकू लागले.

मेहुणे पूर्वी एका कारखान्यात स्टोअर सांभाळत असत, त्यामुळे आवक-जावक ताडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. यंत्राच्या पानावर १०१ असताना पूलच्या (अनेकांची यंत्रे एकत्र जोडून कमाई वाटून देणाऱ्या सेवेच्या) खात्यात चोवीस तासांची सरासरी ८९ च्या आसपास दिसते, हे त्यांच्याच नजरेत आले. ट्यूनिंगवाल्याला फोन केला तर त्याने नशिबाचा चढउतार, पावसाळ्यात नेटचा खोळंबा अशी कारणे सांगितली. ती खरी वाटण्याजोगी असल्यामुळेच त्यांचा हिशेब इथे मांडतो. शेअर म्हणजे काम केल्याचा यंत्राने पूलला पाठवलेला पुरावा, आणि काठिण्य १ हे तो मोजण्याचे मूळ माप. काठिण्य १ चा एक शेअर सापडायला सरासरी सुमारे ४२९ कोटी हॅश लागतात, म्हणून १०१ टेराहॅशच्या यंत्राने दिवसभरात काठिण्य १ च्या मापाने जवळपास २०३ कोटींचे काम पूलकडे जमा करायला हवे. आमच्याकडून जमा होत होते सुमारे १७९ कोटींचे. यंत्र दिवसाला हजारो शेअर पाठवत असल्यामुळे नशिबाचा फरक दिवसाच्या सरासरीत एक-दोन टक्क्यांच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि नेट खराब असेल तर पूलच्या नोंदीत नाकारलेल्या किंवा शिळ्या (उशिरा पोचलेल्या) शेअरचे प्रमाण वाढलेले दिसते. आमच्या नोंदीत तेही दिसत नव्हते.

मग पूलचा आलेख कमी मिनिटांच्या सरासरीवर लावून पाहिला, तेव्हा कंगव्याच्या दातांसारख्या खाचा स्पष्ट दिसल्या. दर तासाला साधारण सात मिनिटे यंत्र आमच्या पूलवरून गायब होत होते आणि त्या वेळातही त्याच्या स्वतःच्या पानावरचा आकडा तसूभरही हलत नव्हता. वीज वाचल्याचा दावाही असाच निघाला. फर्मवेअर दाखवते तो वॅटचा आकडा बहुतेक वेळा मोजलेला नसून अंदाजाने काढलेला असतो, आणि हा तर चक्क लिहून ठेवलेला होता. २३० व्होल्टवर २,६०० वॅट म्हणजे साडेअकरा अँपिअरच्या आत. इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला तेव्हा तेरा अँपिअरच्या वर करंट निघाला. म्हणजे ट्यूनिंग असे काही झालेच नव्हते.

खरा उलगडा राउटरवर झाला. स्ट्रॅटम या माइनिंगच्या संपर्क-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत यंत्र आणि पूल यांच्यातले बोलणे सांकेतिक केलेले नसते, त्यामुळे मधल्या रहदारीची नोंद घेतली की ते जसेच्या तसे वाचता येते. त्या सात मिनिटांत आमची यंत्रे एका अनोळखी पत्त्यावर जोडली जात होती, आणि ओळख पटवण्याच्या ओळीत दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्याचे नाव व त्यापुढे यंत्राचा क्रमांक होता. आमच्या यंत्रांना दिलेले क्रमांक साठच्या पुढचे होते. आधीचे क्रमांक कुणाच्या यंत्रांचे, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच आहे.

जाब विचारल्यावर त्याची अदब संपली. मूळ फर्मवेअर परत घालायला गेलो तर यंत्र ते स्वीकारेना, आणि "अनलॉक" करून देण्याचे वेगळे पैसे त्याने मागितले. २०१९ च्या सुरुवातीला चीनमध्ये अँटमायनर यंत्रांना कुलूप लावून खंडणी मागणारा एक व्हायरस पसरला होता. इथे ते काम माणूस स्वतः गाळ्यात येऊन करून गेला एवढाच फरक. ज्या कंट्रोल बोर्डावर एसडी कार्डाची सोय होती ती यंत्रे कार्डावरून पुसून पूर्ववत झाली. बाकीच्यांचे कंट्रोल बोर्ड बदलावे लागले आणि तो खर्च त्याने घेतलेल्या पैशांपेक्षा जास्त झाला.

तक्रार सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि नंतर लेखी दिली. "तुमच्या खात्यातून काही गेलेच नाही, मग चोरी कशाची?" हा पहिला प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे उत्तर माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे: मालकाच्या परवानगीवाचून संगणकात घातक प्रोग्राम घालणे कलम ४३ मध्ये येते, आणि ते लबाडीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फर्मवेअर घालायला आम्ही परवानगी दिली होती, यंत्राचे काम दुसऱ्याच्या खात्याकडे वळवणारा भाग घालायला नव्हे, हे अर्जात वेगळे लिहावे लागले.

मुंबईत कुणाकडून फी काढून टाकलेले फर्मवेअर घालून घेतले असेल तर यंत्राच्या पानाकडे न पाहता पूलची चोवीस तासांची सरासरी आणि प्रत्यक्ष मीटर ताडून पाहावा. फरक आढळला तर यंत्र लगेच पुसू नये. आधी राउटरवरची नोंद, पूलचे आलेख, यूपीआयच्या पावत्या आणि त्या माणसाशी झालेले संदेश जपून ठेवावेत. आमच्याकडे पोलिसांनी सर्वांत आधी राउटरची नोंदच मागितली, आणि पुसून झालेल्या यंत्रांपैकी एकाची ती देता आली नाही.