प्रोसेसर बदलायचा, एसएसडी टाकायची की लॅपटॉपच नवा घ्यायचा?

लॅपटॉप रखडायला लागला की पहिला संशय प्रोसेसरवर. आय५ काढायचा, आय७ बसवायचा, झालं काम! डेस्कटॉपवर हे बऱ्याचदा जमतंही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आधी बघायचं ते हे, की आतला प्रोसेसर मुळात निघतो का.

इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत सॉकेटमध्ये (म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खोबणीत) बसणारी शेवटची पिढी चौथी, म्हणजे २०१३ ची. पाचव्यापासून ते मदरबोर्डवर सोल्डर करूनच, म्हणजे कायमचे डाग देऊन जोडलेलेच येतात. (डेस्कटॉपचा प्रोसेसर घातलेले काही जाडजूड लॅपटॉप अपवाद.) तुमचा लॅपटॉप त्यानंतरचा असेल तर हा विषय इथेच मिटला, सरळ खाली एसएसडीकडे (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्ककडे) जा.

चौथ्या पिढीचा किंवा त्याआधीचा असला तरी लगेच खूश होऊ नका. एकाच वर्षातले लेनोवोचे दोन थिंकपॅड लॅपटॉप घ्या. टी४४०पी जरा जाड, त्यात सॉकेट आहे, प्रोसेसर बदलता येतो. टी४४०एस सडपातळ, त्यात १५ वॅटचा ‘यू’ प्रोसेसर बोर्डाला चिकटलेला. पिढी एकच, नावात एका अक्षराचा फरक.

प्रोसेसरच्या नावातही हीच गंमत. चौथ्या पिढीत शेवटी एम किंवा एमक्यू असेल तर सॉकेटवाला. यू किंवा एचक्यू असेल तर सोल्डरवाला. आय७-४७००एमक्यू आणि आय७-४७००एचक्यू, दोघंही ४ कोअर, ४७ वॅट, वेगही सारखाच. मी एकदा घाईत सेकंडहँड एचक्यू मागवला. पाकीट उघडून चिप उलटी केली, तर खाली पिनाच नाहीत, नुसते सोल्डरचे बारीक ठिपके. तो अजून ड्रॉवरमध्ये पडून आहे. तिसऱ्या पिढीत तर अक्षरावरही भरवसा नाही: आय५-३२१०एम दोन्ही प्रकारांत निघाला होता. म्हणून सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवा आणि ‘पॅकेज’समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘बीजीए’ दिसलं की सोल्डर, ‘पीजीए’ दिसलं की पिना.

पिना असल्या तरी तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर चौथ्याच्या सॉकेटमध्ये बसत नाही. आणि बसला म्हणजे चालला असंही नाही. बायॉसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला) तो ओळखता आला नाही तर पंखा फिरतो, स्क्रीन काळीच राहते. त्यामुळे माझ्या मते सगळ्यात खात्रीचा कागद म्हणजे त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. कंपनीने त्या बोर्डावर कोणकोणते प्रोसेसर दिले होते ते त्यात असतं. त्या यादीतलाच घ्यावा, आणि बायॉस आधी, जुना प्रोसेसर आत असतानाच अपडेट करावा. वॅटही जुळवायचे. ३७ वॅटच्या जागी ४७ वॅटचा घातला तर तोच हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), तोच पंखा उष्णता बाहेर टाकताना दमतो, आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो.

समजा सगळं जुळलं. आय५-४३००एम काढून आय७-४७०२एमक्यू बसवला, दोन्ही ३७ वॅटचे. २ चे ४ कोअर झाले, व्हिडिओ एन्कोडिंग किंवा मोठा कोड कंपाइल करणं बरंच लवकर उरकेल. पण एका कोअरचा कमाल वेग? आधी ३.३ गिगाहर्ट्‌झ, आता ३.२. ब्राउझर उघडायला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच.

एसएसडी नेमकी इथे बाजी मारते. टास्क मॅनेजर उघडा आणि लॅपटॉप रखडत असताना कोणता आकडा १०० टक्क्यांना टेकलाय ते पाहा. डिस्क असेल तर प्रोसेसरवर पैसे घालवू नका. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, त्याच साटा जोडणीवर बसणारी एसएसडी ५०० च्या पुढे. बारीकसारीक फायलींत तर हा फरक कितीतरी पट वाढतो. मेमरी भरलेली दिसली आणि स्लॉट असेल तर रॅम वाढवा, फक्त तिचा प्रकार (या जुन्या पिढ्यांत डीडीआर३ की डीडीआर३एल) पाहून. दोन्ही कामं स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमतात. प्रोसेसर बदलायचा तर हीटसिंक सोडवा, जुनी थर्मल पेस्ट पुसा, सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरवा, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. एक पिन वाकली की संपलं.

नवा लॅपटॉप कधी? सीपीयूचाच आकडा सतत १०० वर असेल आणि आतला प्रोसेसर सोल्डर केलेला असेल, तेव्हा. विंडोज ११ अधिकृतपणे हवं असेल तरीही, कारण त्याच्या यादीत इंटेलचे बहुतांशी आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर आहेत, म्हणजे लॅपटॉपचा सॉकेटवाला कुठलाही नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण नाही. नवा घेताना एवढं मात्र विचारा, की रॅमचा स्लॉट आहे का. हल्ली बऱ्याच सडपातळ मॉडेलांत रॅमही सोल्डर केलेली असते, ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ च.